निसर्गचित्रातून हरवलेला शहरातला निसर्ग

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चित्रकलेच्या तासाला मुलांना नुसते ‘निसर्गचित्र काढा’ असे सांगितले, तर वर्गातल्या बहुतेक वह्यांत एकच चित्र उमटते. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, खाली वळणे घेत येणारी नदी, काठावर उतरत्या छपराचे घर आणि आभाळात दोन-दोन वाकड्या रेघांचे पक्षी. ही मुले शहरात जन्मलेली आणि शहरातच वाढलेली असतात. त्यांच्यापैकी अनेकांनी असा डोंगर जवळून पाहिलेला नसतो, तशी नदी तर नाहीच. मात्र ज्या खिडकीशी बसून ती हे चित्र रंगवतात, त्या खिडकीच्या छज्जावर घरटे करणारे कबुतर, समोरच्या भिंतीत सांडपाण्याच्या नळाजवळ फुटलेले पिंपळाचे रोप, त्याच भिंतीच्या ओलीवर पसरलेला हिरवा थर, यांतले काहीही चित्रात येत नाही. मी गेली सव्वीस वर्षे मुलांना चित्रकला शिकवते आणि तितकीच वर्षे स्वतःची चित्रेही करते. या काळात ते दोन डोंगर मी असंख्य वेळा तपासले आहेत, आणि त्यात मुलांचा दोष नाही हे माझे मत वर्षागणिक पक्के होत गेले आहे. निसर्ग कुठे असतो, हे आम्ही मोठ्यांनीच त्यांना चुकीचे शिकवले आहे.

हे पत्र लिहिण्याचे कारण मात्र मुलांची चित्रे एवढेच नाही. वृत्तपत्रांच्या कलाविषयक पानांवर प्रदर्शनांची, लिलावांची आणि पुरस्कारांची दखल घेतली जाते, आणि ती घेतलीच पाहिजे. परंतु शहरातला निसर्ग हाच ज्याच्या चित्रांचा विषय आहे आणि तो निसर्ग पाहायला इतरांना शिकवणे हा ज्याच्या दिवसाचा मोठा भाग आहे, अशा कलावंताचा उल्लेख झालाच तर ‘पर्यावरणप्रेमी’ किंवा ‘उपक्रमशील शिक्षक’ असा होतो. शिकवणे ही त्याची पोटापाण्याची सोय आणि चित्रे काढणे हा फावल्या वेळेतला छंद, अशी वाटणी आपण मनातल्या मनात करून टाकलेली असते. मला ही वाटणी मान्य नाही. डोंगर कोणी न दाखवताही दिसतो. फरशीच्या फटीत उगवलेले, नखाएवढ्या फुलाचे तण कोणी दाखवून देईपर्यंत दिसत नाही; आणि दाखवणे हेच ज्याचे काम, त्याने ते कागदावर दाखवले की चित्र होते आणि बोट धरून दाखवले की शिकवणे होते. ही दोन कामे एकाच हाताची आहेत.

यात नवीन काही नाही. आल्ब्रेख्त ड्यूरर या चित्रकाराने १५०३ साली जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात राहत असताना जलरंगात गवताचा एक तुकडा रंगवला. आज व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात असलेला हा कागद जेमतेम ४१ बाय ३१ सेंटीमीटरचा आहे. त्यात देव नाही, राजा नाही, डोंगर तर नाहीच. डँडेलियन या पिवळ्या रानफुलाच्या मिटलेल्या कळ्या, प्लँटेन नावाचे रुंद पानांचे रानटी रोप, गवताच्या काही जाती आणि तळाशी उघडी पडलेली ओली मुळे एवढेच आहे, आणि चित्रकाराची नजर जमिनीलगत, जवळजवळ गवताच्या उंचीवर आलेली आहे. ज्या काळात गवताला चित्रात पार्श्वभूमीपुरतीच जागा होती, त्या काळात एका कसलेल्या कलावंताने पायाखालच्या तणापुढे असे वाकावे, ही गोष्ट मला आजही थक्क करते. याच ड्यूररने पुढे १५२५ साली तरुण चित्रकार आणि कारागीर यांच्यासाठी भूमिती आणि मोजमापाचा ग्रंथ छापला, हेही येथे विसरू नये.

त्यानंतर सुमारे पावणेदोनशे वर्षांनी त्याच शहरात मारिया सिबिला मेरियन ही चित्रकर्ती राहत होती. तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण माझ्या म्हणण्याचा तिच्याइतका चांगला पुरावा दुसरा नाही. १६४७ साली फ्रँकफुर्टमध्ये जन्मलेल्या या मुलीला चित्रकलेचे धडे सावत्र वडिलांकडून मिळाले आणि वयाच्या तेराव्या वर्षी तिने रेशमाचे किडे पाळून त्यांचे निरीक्षण सुरू केले. किडे चिखलातून आणि कुजक्या पदार्थांतून आपोआप उपजतात, अशी समजूत त्या काळी अजून पुष्कळ प्रचलित होती. न्यूरेंबर्गला आल्यावर मेरियनने तेथील सधन घरांतल्या मुलींना चित्रकला आणि भरतकाम शिकवायला सुरुवात केली. या शिकवण्यातून संसाराला हातभार लागला, परंतु त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या घरांच्या बागांची दारे तिला उघडली. शहरातल्या त्या बागांत तिने सुरवंट शोधले, घरी आणून वाढवले, ते काय खातात, कात कधी टाकतात, कोश कधी करतात आणि त्यातून काय बाहेर पडते याची नोंद ठेवली. १६७९ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या ग्रंथात सुरवंट, कोश आणि पतंग हे सगळे ज्या झाडावर तो किडा जगतो त्या झाडासह एकाच चित्रात आले. आज शाळेच्या पाठ्यपुस्तकात फुलपाखराच्या जीवनक्रमाचे जे चित्र असते, त्याची पाळेमुळे अशा चित्रांत आहेत. वयाच्या ५२व्या वर्षी ती समुद्र ओलांडून दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली आणि त्या प्रवासामुळेच तिचे नाव जगभर झाले. तरीही तिची नजर तयार झाली ती शहरातल्या बागांत, शिष्यिणींच्या सोबतीने. शिकवणे तिच्या चित्रांच्या आड आले नाही. ते नसते, तर ती चित्रे झाली असती की नाही याची मला शंका वाटते.

विसाव्या शतकातले एक उदाहरण द्यावेसे वाटते. जोसेफ बॉइस हा जर्मन शिल्पकार १९६१पासून ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत प्राध्यापक होता. प्रवेश नाकारलेल्या विद्यार्थ्यांनाही वर्गात घेण्याचा आग्रह त्याने सोडला नाही म्हणून १९७२ साली त्याला काढून टाकण्यात आले. शिक्षक असणे हीच आपली सर्वांत मोठी कलाकृती आहे, असे त्याने एका मुलाखतीत सांगितले होते. १९८२ साली कासेल शहरात त्याने सात हजार झाडे लावण्याचा संकल्प केला. संग्रहालयासमोरच्या मोकळ्या जागेत बसाल्टचे सात हजार दगड ढीग घालून ठेवले आणि नियम असा केला की एक झाड लागले की त्या ढिगातला एक दगड उचलून त्याच्या शेजारी उभा करायचा. झाडे लागली नाहीत, तर शहराच्या मधोमध दगडांचा तो ढीग तसाच पडून राहणार होता. कामाला पाच वर्षे लागली. शेवटचे झाड १९८७ साली लागले, तेव्हा बॉइस हयात नव्हता आणि ते झाड त्याच्या मुलाने लावले. लावताना दगड आणि रोप यांची उंची फारशी वेगळी नव्हती. आज झाडे कितीतरी वर गेली आहेत आणि दगड तेवढेच आहेत. वाढ म्हणजे काय हे सांगणारा याहून चांगला धडा मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडलेला नाही.

एवढ्या मोठ्या कामांपुढे शाळेतल्या पस्तीस मिनिटांच्या तासाची काय कथा, असे कोणी म्हणेल. म्हणून त्या तासात नेमके काय करता येते, ते सांगते. मी मुलांना दोरीने वीतभर लांबी-रुंदीची एक चौकट आखायला लावते. ती भिंतीवर असेल, झाडाच्या बुंध्यावर असेल, गटाराच्या काठावर असेल. एकदा निवडली की वर्षभर तीच. दर आठवड्याला त्या चौकटीत जे असेल ते काढायचे आणि खाली तारीख घालायची. खोडरबर वर्गातच ठेवायचा. पहिले रेखाटन कागदाकडे न बघता करायचे. डोळा वस्तूच्या कडेवरून जितक्या सावकाश फिरेल, तितक्याच सावकाश पेन्सिल कागदावर फिरली पाहिजे. अशी रेषा वाकडी येते, मुले हसतात, परंतु ती रेषा पाहून काढलेली असते, पाठ केलेली नसते. वनस्पतीचे किंवा किड्याचे नाव चित्र पूर्ण होईपर्यंत मी सांगत नाही. नाव कळले की पाहणे थांबते, हे मी मुलांच्या आणि माझ्याही बाबतीत अनुभवले आहे. पुष्कळदा तर नाव मलाच ठाऊक नसते. अॅना बॉट्सफर्ड कॉमस्टॉक या लाकडी ठशांवर कोरीवकाम करणाऱ्या अमेरिकन चित्रकर्तीने १९११ साली शिक्षकांसाठी निसर्गनिरीक्षणाचे हस्तपुस्तक लिहिले. ‘मला ठाऊक नाही, आपण मिळून शोधू’ असे शिक्षकाने मोकळेपणाने म्हणावे, असा सल्ला तिने त्यात दिला आहे. शिकवायला लागल्यावर पहिली काही वर्षे मला हे वाक्य उच्चारता येत नव्हते. ते उच्चारता आले, त्या दिवसापासून माझा वर्ग सुधारला.

या वीतभर चौकटीत काय काय सापडते, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पटत नाही. ज्याला आपण सरसकट शेवाळ म्हणतो, त्यात पुष्कळदा मॉस असते. त्याला खरी मुळे नसतात, पाणी वर चढवणाऱ्या नलिका नसतात, आणि उन्हात वाळून ते तपकिरी पडले तरी मेलेले नसते. थेंबभर पाणी टाकून मुलांना थांबायला सांगावे. काही मिनिटांत पाने उलगडतात आणि रंग पालटतो. जलरंगाच्या हिरव्या छटा शिकवायला यापेक्षा चांगला नमुना नाही. कोळी जाळे विणताना आधी आऱ्यांसारखे धागे ताणतो, मग मध्यापासून बाहेर एक तात्पुरते वेटोळे घालतो, आणि शेवटी चिकट धाग्याचे खरे वेटोळे बाहेरून आत विणत येताना ते तात्पुरते वेटोळे काढून टाकतो. चित्रात आधी आधाररेषा का काढायच्या आणि नंतर त्या का पुसायच्या, हे मी मुलांना वर्षानुवर्षे तोंडाने सांगत होते; एका जाळ्यासमोर दोन तास बसल्यावर ते सांगण्याची गरज उरली नाही. खोडांवरचे आणि दगडांवरचे राखाडी-हिरवट दगडफूल हे बुरशी आणि शैवाल यांचे सहजीवन आहे आणि हवेतल्या गंधकाच्या वायूंनी ते मरते. विल्यम नायलँडर या अभ्यासकाने १८६६ साली पॅरिसच्या लक्झेंबर्ग उद्यानात दगडफुलाच्या जाती पाहून हवेच्या शुद्धतेचा अंदाज बांधता येतो असे दाखवून दिले होते. म्हणजे कोणत्या झाडावर दगडफूल आहे आणि कोणत्या झाडावर नाही, याचा मुलांनी रंगवलेला साधा नकाशा हे चित्रही असते आणि त्या भागाच्या हवेची साक्षही असते.

आवाजाचेही रेखाटन करता येते. डोळे मिटून बसायचे आणि ऐकू येणारा प्रत्येक पक्षी कागदावर रेघेच्या चढउतारांनी नोंदवायचा. हॉलंडमधल्या लायडन शहरात ग्रेट टिट नावाचे चिमणीएवढे पक्षी गोंगाटाच्या भागात अधिक उंच पट्टीत गातात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसून आले. रहदारीची घरघर खालच्या पट्टीत असते, तिच्यावर मात करण्यासाठी. हे सांगितल्यावर मुले ज्या एकाग्रतेने कान देतात, ती एरवी वर्गात क्वचितच दिसते.

आता एक अनुभव सांगते, जो सांगताना अजूनही त्रास होतो. पूर्वी एका शाळेत माझ्या पाचवीच्या वर्गाने मागच्या बाजूच्या कुंपणाच्या भिंतीवर चाळीस चौकटी आखल्या होत्या. चार महिने नियमाने चित्रे झाली. सुट्टी संपवून परत आलो, तर भिंत खरवडून पांढरीशुभ्र रंगवलेली. मॉस, दगडफूल, भेगेतले रोप, मुंग्यांची वाट, सगळे गेले. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. शाळा स्वच्छ दिसावी एवढीच इच्छा होती, आणि ती भिंत हा एका वर्गाचा फळा आहे हे कोणाला ठाऊक नव्हते, कारण मी कोणाला सांगितले नव्हते. काही मुले रडली. एका मुलीने विचारले, “बाई, आता कोऱ्याचं चित्र काढायचं का?” मी तिला काढ म्हणाले, दुसरे काही सुचले नाही म्हणून. त्या दिवशी तिने पांढऱ्या भिंतीवरच्या रंगाच्या कुंचल्याचे फटकारे आणि गिलाव्याच्या खरबरीतपणाच्या बारीक सावल्या काढल्या. दोन आठवड्यांनी भिंतीच्या पायथ्याशी ओलीचा नकाशासारखा डाग आला, तो तिने काढला. पुढे रंगाला पोपडे धरले. मग पहिली मुंगी परतली. वर्ष संपताना त्या डागाच्या कडेला इतका पुसट हिरवा रंग आला होता, की तिने तो कागदावर लावण्यासाठी रंगपेटीतल्या हिरव्याला हातही न लावता पिवळ्यात निळ्याचा एक ठिपका मिसळून तयार केला. त्या वह्यांमध्ये तिच्या वहीइतके बारकाईने पाहणे दुसऱ्या कोणाचे नव्हते, माझेसुद्धा नाही. तोवर मी सहलीत काढलेल्या छायाचित्रांवरून तलावांची आणि डोंगरांची तैलचित्रे करत असे. त्या वर्षानंतर मी ती थांबवली. आज माझ्या घरामागच्या एका गळक्या नळाखालचा हिरवा पट्टा मी वर्षानुवर्षे, ऋतू पालटेल तसा रंगवते आहे, आणि ते धाडस मला एका विद्यार्थिनीने दिले.

काही आक्षेप रास्त आहेत. पिंपळाचे बी पक्ष्यांच्या विष्ठेतून भिंतीच्या भेगेत पडते आणि त्याची मुळे इमारत फोडतात. असे रोप वेळीच काढलेच पाहिजे, चित्रासाठी इमारत धोक्यात घालावी असे मी म्हणणार नाही. भिंतीवरच्या मॉसचे चित्र वहीत जपले, म्हणजे तोडलेल्या वृक्षांची भरपाई झाली, असेही नाही. परंतु ज्या मुलाने एका बुंध्याची साल वर्षभर रेखाटली आहे, त्याला तो बुंधा तोडला गेल्याचे कळते; इतरांना रस्ता रुंद झाल्याचे कळते. या कारणासाठीच ‘झाडे वाचवा’ या विषयावरच्या भित्तिचित्र स्पर्धांबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही. डोळ्यांतून अश्रू ढाळणारी पृथ्वी, तोंड असलेले झाड आणि रक्ताळलेली कुऱ्हाड हीसुद्धा त्या दोन डोंगरांसारखीच पाठ केलेली चित्रे आहेत. ती काढणाऱ्या मुलाने स्वतःच्या गल्लीतल्या झाडाची पाने समोरासमोर येतात की एकाआड एक, हे कधी पाहिलेले नसते.

२००७च्या सुमारास जगातल्या निम्म्याहून अधिक माणसांची वस्ती शहरांत झाली, असे संयुक्त राष्ट्रांचे लोकसंख्यातज्ज्ञ सांगतात. पुढच्या पिढीतल्या बहुसंख्य मुलांना रोज भेटणारा निसर्ग भिंतीच्या भेगेतला, पुलाखालचा आणि गच्चीच्या पन्हाळीतला असणार आहे. तो पाहायला शिकवणाऱ्या माणसाला शाळेने दोन तास सलग द्यावेत, महिन्यातून काही वेळा वर्ग बाहेर नेण्याची परवानगी द्यावी आणि आवाराचा एक कोपरा न खरवडता, न रंगवता राखावा, एवढीच माझी विनंती आहे. यासाठी पैसे लागत नाहीत. मूल्यमापन करायचेच असेल, तर एका दिवसाच्या चित्रावर न करता वर्षभराच्या तारीखवार वहीवर करावे. कला महाविद्यालयांनीही आपल्या विद्यार्थ्यांना पदवीपूर्वी काही महिने लहान मुलांबरोबर असे निरीक्षण करायला पाठवावे. शिकवण्याची सक्ती म्हणून हे मी सुचवत नाही; त्यांच्या स्वतःच्या चित्रासाठी त्याची गरज आहे असे मला वाटते.

आणि एक विनंती आपल्यालाही आहे. आपल्या दैनिकाच्या लहान मुलांच्या पानावर पाठवलेल्या चित्रांत ते दोन डोंगर दर आठवड्याला असतात. त्याच पानावर एक लहान चौकट राखून ठेवावी आणि त्यात फक्त प्रत्यक्ष पाहून काढलेले, तारीख आणि ठिकाण लिहिलेले, शहरातल्या एखाद्या जिवाचे चित्र छापावे. आणि त्या मुलांना असे पाहायला शिकवणारा कोणी असेल, तर त्याच्या नावापुढे ‘चित्रकार’ असे लिहावे. पहिल्या चौकटीसाठी त्या मुलीच्या वहीतले, पांढऱ्या भिंतीवर परतलेल्या पहिल्या मुंगीचे पान मिळवून पाठवण्याची माझी तयारी आहे. ती आता मोठी झाली आहे, परंतु वही तिने जपून ठेवली आहे, आणि विचारल्यावर तिने आनंदाने होकार दिला आहे.

आपली विश्वासू,
एक चित्रकार व चित्रकला शिक्षिका